शालनआत्तीचा चेहरा

आमच्या घरात आरसा एकच होता, आणि तो पुढच्या सोप्यातल्या खुंटीला पुरुषमाणसांच्या उंचीवर टांगलेला होता. आण्णा, म्हणजे माझे वडील, त्यात बघून दाढी करायचे, संभादादा भांग पाडायचा, आई येता-जाता टाचा उंचावून कुंकू ठीक करायची. शालनआत्ती त्या आरशाकडं कधी फिरकायची नाही. ती कुंकू लावायची ते चुलीपुढं बसून, नुसत्या बोटाच्या अंदाजानं, आणि ते बरोबर कपाळाच्या मधोमध बसायचं. लहानपणी मला त्याचं फार नवल वाटायचं. तिला तिचा चेहरा बघायचाच नसतो, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

आत्ती म्हणजे आण्णांची धाकटी बहीण. आमच्याकडं आत्याला आत्तीच म्हणतात. वारणेकाठच्या एका बागायतदाराच्या घरी तिला दिली होती. लग्नानंतर दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी तिच्या ओठाच्या कोपऱ्याला तांदळाएवढा पांढरा ठिपका उमटला. मग डोळ्यांभोवती, हनुवटीवर, बोटांच्या पेरांवर. औषधपाणी करून पाठवा म्हणून सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडली ती सोडलीच. न्यायला कुणी आलं नाही आणि इकडून विचारायलाही कुणी गेलं नाही. कोड फुटलेली बाई घरात असली की त्या घरची सोयरीक जमत नाही, असं आमच्या भागात मानत. अजूनही मानणारे पुष्कळ आहेत. त्यामुळं पाव्हणे आले की आत्ती आत जायची. तिला कुणी जा म्हणायचं नाही. दारात मोटरसायकल थांबल्याचा आवाज आला की तिची पावलं आपोआप स्वयंपाकघराकडं वळायची. बाहेर जो चहा यायचा तो तिच्या हातचा असायचा. ट्रे मात्र आईच्या हातात असायचा.

आमचं गाव कडेगावच्या अलीकडं, रस्त्याला लागून. चार एकर ऊस, दोन म्हशी, आणि पहाटे कारखान्याचा भोंगा. भोंग्याच्या आधी आत्ती उठलेली असायची. अंथरुणात पडल्या पडल्या मला ऐकू यायचं, काटवटीत भाकरी थापल्याचा आवाज, मग तव्यावर पाण्याचा हात फिरवल्यावरचा चर्र, मग खरड्यासाठी मिरच्या भाजल्याचा ठसका. आई दिवसभर रानात, म्हणून आम्ही दोघं भावंडं आत्तीच्या पदराखालीच वाढलो. शाळेतून आलं की ताकातली आमटी आणि भाकरीचा काला, वर शेंगदाण्याची चटणी. ती समोर बसून राहायची. बोलायची थोडं. पण तिच्या हातातून जे जे जायचं त्याला एक शिस्त असायची. ताटात चटणी कुठं, मीठ कुठं, भाकरीची घडी कोणत्या बाजूला, हे ठरलेलं असायचं, आणि ताट रिकामं असतानाच ते भरल्यावर कसं दिसेल ते तिला दिसत असावं.

उन्हाळ्यात आम्ही गच्चीवर जुनी धोतरं पसरून सांडगे घालायचो. मला घाई असायची. मी भराभरा, दाटीवाटीनं घालत सुटायची. आत्ती माझे सांडगे उचलून पुन्हा लावायची.

"दोन सांडग्यांत बोटभर जागा सोड गं. वारं फिराय पायजे मधनं."

"जागा वाया जाती की आत्ती."

"वाया कशी जाती? ती जागा हाय म्हणून तर ते वाळत्यात."

अशीच एकदा तिच्या इरकलीच्या लुगड्यावर हात फिरवत मी म्हटलं होतं, मध्ये तर काहीच नाही यात, नुसताच रंग. ती म्हणाली, "मधी मोकळं हाय म्हणून काठ दिसतोय." तिला अक्षर येत नव्हतं. दुकानातून आणलेला चहाचा पुडा ती हातात फिरवून बघायची आणि म्हणायची, "ह्यो आपला न्हवं. आपल्या पुड्यावरलं पान जरा वाकडं असतंय." मी वाचून बघायची तर खरंच दुसऱ्याच नावाचा पुडा असायचा. मशेरी, काडेपेटी, म्हशीचं औषध, सगळं ती रंगावरून, आकारावरून ओळखायची, आणि तिची कधी चूक झाल्याचं मला आठवत नाही.

आता मी सांगलीत बसून हळदीच्या पुड्यांची, बेदाण्याच्या खोक्यांची, बियाण्याच्या पिशव्यांची डिझाइनं करते. चष्मा लागला आहे, केस पांढरे होत चालले आहेत. नवीन मुलंमुली शिकायला येतात आणि विचारतात, मॅडम, तुमचा कोर्स कुठं झाला? मी इस्लामपूर म्हणते. ते काही पूर्ण खरं नाही. पण गच्चीवर झाला म्हटलं तर त्यांना पटणार नाही.

बारावीनंतर मी इस्लामपूरला स्टँडजवळच्या एका फ्लेक्सच्या दुकानात कामाला लागले. सकाळच्या एसटीनं जायचं, संध्याकाळच्या एसटीनं यायचं. दुकानाचे मालक सुकुमारदादा हे जैन गृहस्थ, शांत आणि नेमस्त. सूर्य मावळायच्या आत त्यांचा डबा उघडायचा आणि तेवढा वेळ मशीनही थांबायचं. कॉम्प्युटर मी त्यांच्याकडून शिकले. त्या वेळी वाढदिवस असो की बारसं, फ्लेक्स एकाच साच्याचा असायचा. मागं सोनेरी पडदा, कोपऱ्यात कमळं, मध्ये मोठा फोटो आणि खाली शुभेच्छुकांची पंचवीस मुंडकी. सूत शिरायला जागा नाही. माझं मुख्य काम म्हणजे चेहरे साफ करणं. मुरमं, देवीचे वण, कापल्याच्या खुणा. शेजारची चांगली कातडी उचलायची आणि डागावर फिरवायची. माझा हात त्यात असा बसला की गिऱ्हाईकं नाव घेऊन यायला लागली, "त्या ताईकडं द्या, ती लय भारी करती." मला त्याचा अभिमान होता.

अशात संभादादाचं लग्न ठरलं. मुलगी म्हसवडकडची, अर्चना. तिचे वडील फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. लग्न आमच्या गावात, शाळेच्या पटांगणात व्हायचं होतं. वेशीवरचा स्वागताचा फ्लेक्स मी करणार हे ठरूनच गेलं. मी सुकुमारदादांना म्हटलं, हा मी माझ्या मनानं करणार. सोनेरी पडदा नको, कमळं नकोत. इरकलीच्या काठासारखी गडद लाल पट्टी वर आणि खाली घेतली, मधला सगळा भाग हळदीच्या रंगाचा मोकळा ठेवला, आणि खाली 'स्वागतोत्सुक' मंडळींचे फोटो सांडग्यांसारखे एका ओळीत, मध्ये जागा सोडून लावले. सुकुमारदादा बराच वेळ बघत राहिले.

"रिकामं दिसतंय का गं?" त्यांनी विचारलं, आणि मग स्वतःच म्हणाले, "नाही. राहू दे. लांबून वाचता येतंय."

त्या ओळीत आण्णा होते, आई होती, मामा, चुलते होते. आत्तीचा फोटो नव्हता, कारण तिचा फोटोच कुठं नव्हता. घरातल्या जुन्या फोटोंत ती एकतर पाठमोरी, नाहीतर पदरानं झाकलेली. मी दुकानाचा कॅमेरा घरी आणला. गच्चीवर ती कुरडया उलटत बसली होती. कावळा आला, त्याला हाकलायला तिनं मान वर केली आणि कशानं तरी हसली. मी खटका दाबला. तिला न विचारता. दुसऱ्या दिवशी दुकानात बसून मी तो चेहरा साफ केला. ओठाचा कोपरा, हनुवटी, डोळ्यांची वर्तुळं. अर्धा तास लागला असेल. शेवटी समोर एक सावळी, नितळ, हसरी बाई आली. माझे डोळे भरून आले होते. सासरच्यांनी, गावानं, नशिबानं हिचं जे काढून घेतलं ते मी परत देते आहे, असं मला अगदी मनापासून वाटत होतं.

फ्लेक्स लागला तो लग्नाच्या दोन दिवस आधी. लोक थांबून थांबून बघत होते. आण्णा आले, खांबाला हात लावून उभे राहिले. त्यांची नजर त्या ओळीवर आली आणि तिथंच थांबली. मग टोपीनं डोळे पुसत ते म्हणाले, "लगीन व्हायच्या आधी आशीच व्हती गं शालन." आण्णांच्या डोळ्यांत पाणी मी त्याआधी बघितलं नव्हतं.

दिवस कलताना बायका आत्तीलाही घेऊन आल्या. तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला होता. मी पळत जाऊन तिचा हात धरला आणि तिला फोटोसमोर उभी केली. ती बघत राहिली. शेजारच्या बायका म्हणत होत्या, कसली देखणी दिसतीया.

"ही कोण गं?" आत्तीनं विचारलं.

"आत्ती, तूच की!"

तिनं आणखी थोडा वेळ बघितलं. "बरी हाय," ती म्हणाली. "देखणी हाय." आणि माझा हात सोडवून, कुणाची वाट न बघता, ती घराकडं चालायला लागली.

दुसऱ्या दिवशी हळद होती. सकाळी चुलीपाशी आत्ती आईला सांगत होती, "वैनी, मी काय उद्या मांडवात येत न्हाई. घराकडं कुणीतरी पायजेच." सोप्यातून आण्णांचा आवाज आला, "ते बरं हुईल. पावण्यांनी फोटो बघितला आसंल तर उगं इचारत बसतील." मी आईला बाजूला घेऊन विचारलं तेव्हा कळलं, आत्तीच्या कोडाचं पाव्हण्यांना सांगितलेलंच नव्हतं. ते दोनदा घरी येऊन गेले, दोन्ही वेळा ती आत होती. एरवी लग्नाच्या गर्दीत ती मागं कुठंतरी पदर घेऊन बसली असती, कुणाचं लक्षही गेलं नसतं. आता वेशीवर तिचा नितळ चेहरा लागला होता, नावासकट. त्या चेहऱ्याची बाई मांडवात आली असती तर लोकांनी दोन्ही ताडून बघितलं असतं. फोटो वेशीवर होता, म्हणून ती मांडवात येऊ शकत नव्हती.

मी तिथंच भिंतीला टेकून उभी राहिले. तो रंग तिचा होता, ती मोकळी जागा तिची होती, तो काठ तिच्या लुगड्याचा होता. तिच्या हातचं सगळं मी त्या फ्लेक्सवर घेतलं होतं, आणि तिला तेवढं तिथून पुसून टाकलं होतं. आतापर्यंत घरातल्यांनी तिला स्वयंपाकघरात घातली होती. मी तिला तिच्या चेहऱ्यातूनही बाहेर काढली.

कुणाला न सांगता मी मिळेल ती एसटी धरली. घरात हळदीची गडबड आणि मी इस्लामपूरच्या रस्त्याला. सुकुमारदादांना सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी एवढंच म्हणाले, "मूळ फोटो ठेवलायस का?"

"हाय. कॅमेऱ्यात हाय."

"मग दुरुस्त करता येईल. तेच पुसलं असतंस तर माझ्याकडंही इलाज नव्हता."

मशीन सुरू झालं. त्या मशीनचा इकडून तिकडं सरकण्याचा आवाज आणि शाईचा उग्र वास आजही मला दुपारची भूक विसरायला लावतो. आधी लाल पट्टी आली, मग पिवळा मोकळा भाग, मग ओळ. आत्तीचा चेहरा रेघारेघांनी खाली उतरत होता. कपाळ, कुंकू, डोळ्यांभोवतीची पांढरी वर्तुळं, हसण्यानं ताणलेला ओठाचा पांढरा कोपरा.

गुंडाळी खांद्यावर घेऊन मी परतले तेव्हा वेशीकडं जाण्यासाठीच उतरले होते. शिडी कुठून मिळेल याचा विचार करत होते. खांबापाशी पोचले आणि माझे पाय थांबले. पहिला फोटो मी तिला न विचारता काढला होता, न विचारता बदलला होता, आणि आता न विचारताच उघडा करायला निघाले होते. मी वळले आणि घराच्या मागल्या दारानं आत गेले.

आत्ती माजघरात तांदूळ निवडत होती. मी दार लोटलं आणि जमिनीवर फ्लेक्स उलगडला. अख्खा मावला नाही, नुसता खालचा भाग उलगडला. आत्ती उठली. फोटोवर पाय पडू नये म्हणून भिंतीकडेनं फिरून दुसऱ्या बाजूला आली आणि खाली बसली. तो चेहरा परातीएवढा होता. तिनं तो एवढा मोठा कधीच बघितला नसणार. तिनं बोट ठेवलं, आधी ओठापाशी, मग हनुवटीवर, तांदळातला खडा शोधावा तसं सावकाश.

"इथवर आलंय व्हय हे?" ती म्हणाली. "मला वाटलं, एवढं न्हाई."

मी फ्लेक्सची वळू पाहणारी कड गुडघ्याखाली दाबून धरली.

"दात दिसत्यात की माझं. हसत व्हते व्हय मी?"

"कावळा आला व्हता तवा. आत्ती, चुकलं माझं. तुला इचारलं न्हाई मी. आता इचारती. ह्यो लावू का? नगं म्हणलीस तर आत्ताच्या आत्ता फाडून टाकती, आन त्यो पयला बी."

तिचं बोट अजून त्या हनुवटीवरच होतं. बाहेर बायका हळदीची गाणी म्हणत होत्या. मग दार उघडून आण्णा आत आले. त्यांनी फ्लेक्स बघितला आणि त्यांना एका क्षणात सगळं कळलं.

"वैशे, डोकं फिरलं का तुझं? पावणं दारातनं परत गेलं तर संभाचं काय? तुझं काय?"

मी काही म्हणायच्या आत आत्ती बोलली. आवाज चढवला नाही.

"आण्णा, तुमी आत बसवलंसा, मी बसले. कवा काय बोलले न्हाई. तुमची पोरं माझी म्हणून वाढवली. आता माझ्या फोटोला बी आत घालतासा व्हय?"

आण्णा उभे राहिले होते ते खाली बसले. त्यांच्या कपाळाला हळद लागलेली होती. आत्तीनंच गुंडाळी केली, दोन्ही टोकं सारखी करून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "लाव."

लग्नादिवशी पाव्हण्यांचा टेम्पो आणि गाड्या वेशीत आल्या. हवालदार पुढच्या गाडीतून उतरले आणि फ्लेक्सपुढं थांबले. त्यांच्यामागं बायका थांबल्या. अर्चनाची चुलती पुढं झाली, बोट दाखवून काहीतरी बोलली, आणि मग सगळ्यांच्याच आवाजाची कुजबुज वाढत गेली. बँड थांबला. आण्णा हात जोडून पुढं गेले.

"ही बाई कोण?" हवालदारांनी विचारलं.

"माझी भन. शालन."

"आमी दोनदा आलो तुमच्याकडं. तवा कुठं व्हती?"

आण्णांनी मान खाली घातली. "आत."

"मग च्या कुणी केलता?"

"तिनंच."

हवालदारांनी पुन्हा एकदा फ्लेक्सकडं बघितलं. चुलती म्हणत होती, आवं, पोरीच्या जल्माचा प्रश्न हाय, गाड्या वळवा. मुंडावळ्या बांधलेला संभादादा गर्दीतून वाट काढत आला. तो आण्णांच्या शेजारी उभा राहिला. हवालदार म्हणाले, "कोडाचं मला काय न्हाई. पल्टनमधी माझ्या शेजारच्या कॉटवर झोपायचा कोडाचा एकजण, चौदा वर्सं एका ताटात जेवलो. पर तुमी लपवलंसा. उद्या आनि काय लपवशिला?" आणि मग, "बोलवा त्यास्नी."

आत्ती आली. इरकलीचं लुगडं नेसली होती आणि पदर खांद्यावर होता, डोक्यावर नव्हता. एवढी माणसं बघत होती. मुहूर्त टळत होता. हवालदारांनी हात जोडले.

"बाई, माझी पोरगी तुमच्या हाताखाली नांदायची. तुमीच सांगा, घर कसं हाय?"

आत्तीनं एकदा आण्णांकडं बघितलं. "घर बरं हाय," ती म्हणाली. "माणसं भित्री हायीत. पर वाईट न्हाईत."

हवालदारांनी डोक्यावरची टोपी काढून पुन्हा नीट बसवली आणि मागं वळून म्हणाले, "चला. अक्षता वाटा."

सगळंच काही निभावलं नाही, हेही लिहून ठेवलं पाहिजे. चुलती जेवली नाही. त्या फ्लेक्समुळं पुढं माझी दोन स्थळं परत गेली, आणि प्रत्येक वेळी पुढचे चार दिवस आत्ती जेमतेम घासभर खायची. आण्णा माझ्याशी कित्येक दिवस कामापुरतंच बोलत. माझं लग्न उशिरा झालं. आज मागं वळून बघताना मला त्याचं दुःख वाटत नाही. पण तेव्हा वाटत होतं, आणि आत्तीला ते दिसत होतं.

अक्षता पडल्यावर फोटोग्राफरनं घरच्या मंडळींना बोलावलं. आत्ती आली आणि कडेला उभी राहिली. फोटोग्राफर विट्याचा एक तरुण होता, कामातला, अदबीचा. त्यानं मला बाजूला बोलावून हळूच विचारलं, "ताई, अल्बममधी त्या मावशींचं तेवढं साफ करून देऊ का? वेगळं काय घेत न्हाई."

माझ्या तोंडावर उत्तर आलं होतं. मी ते गिळलं आणि म्हटलं, "त्यांनाच इचारा."

तो गेला. तिच्यापुढं जरा वाकून बोलू लागला. बँड पुन्हा जोरात वाजत होता, त्यामुळं तो काय म्हणाला आणि ती काय म्हणाली, ते मला ऐकू आलं नाही. तिनं एकदा मान हलवली एवढं दिसलं. तो मागं आला, कॅमेरा डोळ्याला लावला, आणि आत्ती कडेची जागा सोडून दोन पावलं मध्ये सरकली.